पाइन-स्प्रूसचे ऊतीसंवर्धन: हिरवे शंकू केव्हा उतरवावेत आणि पुढे काय करावे

मोठ्या पाइनच्या फांदीपासून रोपे करायचा प्रयत्न बहुतेकदा फसतो. वयस्क ऊती मुळे धरत नाहीत आणि बाजूच्या फांदीचे रोप पुढेही फांदीसारखेच आडवे वाढते. म्हणून सुरुवात कोवळ्या बीजातल्या भ्रूणापासून करायची. नॉर्वे स्प्रूसमध्ये १९८५ साली साधलेली कायिक भ्रूणांची (फलनाविना, साध्या ऊतीपासून घडवलेल्या भ्रूणांची) ही पद्धत आज अनेक पाइनमध्येही चालते.

पाइनमध्ये परागीभवनानंतर फलनाला साधारण वर्ष लागते. त्यामुळे उतरवायचे ते दुसऱ्या वर्षाचे, पूर्ण आकाराचे हिरवे शंकू. शेजारच्या लहान शंकूंना हात लावू नका. स्प्रूसचे शंकू त्याच हंगामात पिकतात. उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण भागात ही वेळ बहुधा जूनअखेर ते जुलैमध्ये येते, पण तारखेवर विसंबू नका. दर आठवड्याला प्रत्येक झाडाचे दोन-तीन शंकू काढा, बीज उभे चिरा आणि भिंगातून पाहा. पांढऱ्या गराच्या पोकळीत बारीक दोऱ्याच्या टोकाला काचेसारखा ठिपका दिसला की वेळ आली. त्या टोकावर बीजपत्रांचे कंगोरे उमटले, तर पाइनसाठी बहुधा उशीर झालेला असतो. स्प्रूस मात्र या बाबतीत सोशीक, त्याच्या पक्व बीजातले भ्रूणही चालते.

शंकू कागदी पिशवीत ४ अंश सेल्सिअसला ठेवा. प्लास्टिकमध्ये घाम सुटून बुरशी लागते. पिशवीवर झाडाचा क्रमांक हवाच.

शंकू ७० टक्के अल्कोहोलने पुसून बीजे काढा. ती १० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये १० मिनिटे ठेवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. पाइनमध्ये भ्रूण बाहेर काढत बसू नका. कवच सोलून गर अख्खाच माध्यमावर आडवा ठेवा. पाइनसाठी डीसीआर माध्यम (ठरावीक क्षारांचे पोषकमिश्रण) घ्या. लिटरला वाढीची संजीवके म्हणून टू-फोर-डी सुमारे २ मिलिग्रॅम आणि बीए १ मिलिग्रॅम, शिवाय साखर २० ते ३० ग्रॅम, सामू (पीएच) ५.८. माध्यमात लागणारे ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल) ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टिकत नाही. ते जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळून, माध्यम कोमट झाल्यावर मिसळा. डिश अंधारात, २२ ते २४ अंशांवर.

दोन ते आठ आठवड्यांत गराच्या टोकदार बाजूने पांढरट, अर्धपारदर्शक, बुळबुळीत ऊती बाहेर येते. चिमट्याने ओढली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघतात. हीच हवी. घट्ट, पिवळी किंवा हिरवी गाठ कितीही जोमदार दिसली तरी तिच्यातून भ्रूण मिळत नाही. मोह न धरता टाकून द्या. चांगली ऊती दर १४ दिवसांनी ताज्या माध्यमावर हलवा. उशीर झाला की ती तपकिरी पडते.

महिनोन्‌महिने नुसते सबकल्चर करत, म्हणजे ऊती ताज्या माध्यमावर हलवत राहिल्यास भ्रूण देण्याची ताकद घटते. म्हणून ओळ (एकाच बीजातून वाढलेली ऊती) जमली की लगेच तिचा काही भाग द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवा. प्रत्येक बीज म्हणजे वेगळी ओळ, आणि कोणती ओळ सरस हे शेतात काही वर्षे वाढल्यावरच कळते. तोवर मूळ ऊती हातात असायला हवी.

भ्रूण पक्व करताना टू-फोर-डी आणि बीए पूर्ण बंद. लिटरला १६ मिलिग्रॅम अ‍ॅब्सिसिक आम्ल (भ्रूण पक्व करणारे संजीवक; तेही गाळूनच) घाला आणि पाइनसाठी जेलराइट (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) १० ग्रॅमपर्यंत वाढवा. माध्यमातले पाणी सहज मिळाले तर ऊती नुसती फुगते, भ्रूण घडत नाहीत. सहा ते बारा आठवड्यांत बीजपत्रे असलेले क्रीम रंगाचे भ्रूण दिसतात. ते थोडे सुकवून संजीवकविरहित माध्यमावर, सुरुवातीला मंद प्रकाशात रुजवा.

मूळ नसलेले किंवा बुडाशी गाठ आलेले रोप ट्रेमध्ये लावू नका, ते जगत नाही. बाकीच्यांच्या मुळांवरचे माध्यम पूर्ण धुवा; साखर राहिली तर रोप कोलमडते. पीट आणि परलाइटच्या मिश्रणात लावून झाकण ठेवा आणि ते तीन-चार आठवड्यांत रोज थोडे जास्त उघडत जा.