वालाचं बी धरायचं कसं

बियाण्याला वाल निवडताना हात आपोआप सगळ्यात भरलेल्या वेलाकडे जातो. मीही सात वर्षं परसातल्या एकाच जोमदार वेलाचं बी धरत आले. आठव्या वर्षी मावा पडला आणि अख्खा मांडव एकदमच बसला. जाऊबाईंचं बी मात्र अनेक वेलांचं मिसळीचं होतं. त्यांचे पाच-सहा वेल तगले, आणि आज माझ्याकडे जो वाल आहे तो त्यांच्या मापट्यातला.

म्हणून बी निदान वीस-पंचवीस वेलांवरून धरा, प्रत्येकाच्या दोन-तीन शेंगा. फुलोऱ्यातच खुणेची चिंधी बांधा, नाहीतर त्या शेंगा भाजीत जातात. रोगट वेल सोडा. पण उशिरा फुलणारा, थोड्या शेंगांचा निरोगी वेल सोडू नका. पाऊस मागेपुढे झाला की तोच हाताशी येतो. वालाचं फूल बहुतेक आपल्याच परागावर धरतं, तरी माश्या थोडी भेसळ करतातच, तेव्हा दोन वाण एका मांडवावर चढवू नका. दुधीला जास्त जपावं लागतं. फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून नर-मादी दोन्ही कळ्या दुपारीच चिंधीने बांधायच्या, तिन्हीसांजेला नराचं फूल मादीवर टेकवायचं आणि मादी पुन्हा बांधायची.

शेंग वेलावरच खडखडीत होऊ द्या. सोललेलं बी गोणपाटावर सकाळच्या उन्हात घाला, दुपारी सावलीत ओढा. तापल्या पत्र्यावर कधीच नको. वाळलं का ते पाहायला दोन दाणे पाट्यावर वरवंट्याने ठेचा. कपऱ्या उडाल्या तर झालं, चपटे झाले तर अजून ऊन द्या. बियातला ओलावा एक टक्का उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत वाळलेलं बी उणे १८ अंशांत ठेवतात. आपल्या घरात ती थंडी नाही, सगळी भिस्त उन्हावर.

आता भुंगा. तो शेतातच शेंगेवर बसून येतो. दाणा उजेडात धरा. पांढऱ्या चोचीच्या बाजूला, सालीवर, खसखशीहून बारीक पांढरा ठिपका चिकटलेला दिसला तर ते अंडं. तो दाणा वेगळा काढा. उरलेल्या बियात गोवरीची चाळलेली, पूर्ण गार झालेली राख भरपूर मिसळा. दाण्यादाण्यातली फट भरली की भुंग्याला फिरता येत नाही.

सासूबाई मडकं लिंपून ठेवायच्या. आमच्या अकोले तालुक्यातल्या पावसात मडकं ओल धरतं, म्हणून मी घट्ट झाकणाची काचेची बरणी वापरते. तळाशी कोरड्या भाजलेल्या, गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवते. ती ओलावा ओढून घेते. बरणीच्या आतच चिठ्ठी हवी: वाणाचं नाव, कुणाच्या घरून आलं, कोणत्या साली धरलं, शिजायला किती वेळ लागतो.

आणि एक वाटा दुसऱ्या घरी ठेवा. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या डोंगरात २००८ साली उघडलेली बियाण्याची तिजोरी याचसाठी आहे. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या बियाणे बँकेचं काम थांबलं, तेव्हा २०१५ मध्ये तिने स्वालबार्डला ठेवलेल्या वाट्यातलं बी परत काढून पुन्हा पेरलं गेलं. आमचा दुसरा वाटा माझ्या बहिणीच्या माळ्यावर असतो.

मृगाआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. आठवड्याने ऐंशीच्या वर मोड आले तर निर्धास्त राहा. साठाच्या खाली आले तर त्याच हंगामात सगळं पेरून नवं बी धरा.

आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला, तो अशाच घरच्या बियाण्यासाठी. तेव्हापासून मागायला येणाऱ्या बायका वाढल्या आहेत. मी एक मापटं देते, दोन परत घेते. परत येणारं बीही वीस वेलांवरचंच हवं, हे देतानाच सांगते.