नागपुरातून इंग्रजी ॲनिमे डबिंगची तयारी कशी करावी

आवाज भारदस्त असला म्हणजे ॲनिमे डबिंग, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका-चित्रपटांना दुसऱ्या भाषेत आवाज देणे, जमते, असा समज सर्वत्र आढळतो. पण ध्वनिमुद्रणाच्या बूथमध्ये पहिली परीक्षा होते ती वेळेच्या जाणिवेची. चित्र बदलता येत नाही, त्यामुळे रूपांतरकाराने लिहिलेले इंग्रजी वाक्य पात्राच्या ओठांच्या उघडझापीतच बसवावे लागते. कानात समान अंतराने तीन बीप वाजतात आणि चौथा जेथे वाजला असता, नेमके तेथे बोलणे सुरू करायचे असते. ज्याला तबल्याच्या ठेक्यावर समेला येण्याची सवय आहे, त्याला हे लवकर साधते, असे माझे मत आहे. रोज अर्ध्या मिनिटाचा एकच प्रसंग आवाज बंद करून घ्यावा, त्यावर आपले संवाद मुद्रित करावेत आणि ओठ थांबल्यावरही आपण बोलत राहतो का, हे तपासावे.

बूथमध्ये कलाकार बहुधा एकटाच असतो. समोरच्या पात्राचा राग किंवा हुंदका त्याला कल्पनेनेच उभा करावा लागतो, म्हणून राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर किंवा झाडीपट्टीच्या रंगमंचावर काम केलेले असेल, तर ती शिदोरी येथे फार मोलाची ठरते. मात्र शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय माइकसमोर सोडावी लागते. लढाईतील किंकाळ्या सत्राच्या शेवटी घ्याव्यात. आधी घेतल्यास घसा बसतो आणि उरलेले संवाद वाया जातात.

उच्चारांत आपली मुख्य अडचण ‘व’ची आहे. इंग्रजीत त्याचे दोन ध्वनी आहेत: एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो.

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून बसणे कठीण असते आणि कूलरची घरघर तर प्रत्येक वाक्याखाली ऐकू येते. त्यामुळे पहाटे, पंखाही बंद ठेवून, कपड्यांच्या कपाटासमोर भिंतींना जाड रजया टांगून मुद्रण करावे. निवडीसाठी पाठवायची नमुना ध्वनिफीत साधारण 60 ते 90 सेकंदांची ठेवावी, आरंभी स्वतःचा स्वाभाविक आवाज ठेवावा आणि प्रसिद्ध कलाकारांची नक्कल टाळावी.

इंग्रजी डबिंगचे काम मुख्यतः अमेरिकेतील डॅलस आणि लॉस एंजेलिस परिसरात चालते. 1994 साली सुरू झालेली फनिमेशन ही डबिंग करणारी कंपनी, जी आता क्रंचीरोल या ॲनिमे दाखवणाऱ्या कंपनीत विलीन झाली आहे, डॅलस ज्या राज्यात आहे त्या टेक्सासचीच. 2020 नंतर घरून मुद्रण करण्याची पद्धत वाढली असली, तरी तेथे जाऊन काम करायचे तर कायदेशीर परवाना लागतो. तोवर हिंदी डबिंगच्या चाचण्या द्याव्यात, कारण ओठांशी शब्द जुळवण्याचे तंत्र तेथेही हेच आहे.