सोलर बसवायचं की नाही हे मे महिन्यात ठरवू नका, नागपूरवाल्यांनो या चुका टाळा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की लोक सोलरचं विचारायला लागतात. हातात एसीचं बिल, डोकं तापलेलं, आणि प्रश्न एकच, "भाऊ, किती किलोवॅट टाकू?" अरे पण टाकायचं की नाही ते तर आधी ठरवा! वर्षभराची बिलं दाखवा म्हटलं की तोंड पडते.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे उन्हाळ्यात सावली बघणं. मे अखेरीस नागपुरात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीच्या बुडाशीच पडते, म्हणून सगळी गच्ची मोकळी वाटते. मानेवाड्याच्या एका काकांकडे हेच झालं. इंस्टॉलरचा पोरगा मे महिन्यात भर दुपारी आला, मोबाईलमध्ये चार फोटो काढले, "काका, सावली नाहीच" म्हणाला आणि पॅनल जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला टाकून मोकळा. दिवाळीनंतर युनिट कमी पडायला लागले तर काका म्हणे इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा) खराब आहे, मग इंस्टॉलरशी भांडण, मीटर चेक करा, वायरिंग चेक करा, सगळं झालं. मी डिसेंबरात जाऊन बघतो तर काय, जिन्याची खोली आणि तिच्यावरची टाकी मिळून पंधरा फूट उंच, आणि पुढची अख्खी रांग तिच्या सावलीत! डिसेंबरात आपल्याकडे दुपारी बारालाही सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो, म्हणजे जेवढी उंची जवळपास तेवढी सावली, तीही उत्तरेकडे. वरून पॅनल एका माळेत जोडलेले, दोन-तीन सावलीत गेले की बाकीच्यांनाही मागे ओढतात. शेवटी स्ट्रक्चर उचलून दक्षिणेला नेलं, स्वतःच्या खर्चानं.

माझी सवय सांगतो, डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर जाऊन सावलीच्या कडेला खडूनं रेघ मारायची. एवढा धीर नसेल तर सोलर करूच नका. शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर तिथे उद्या तीन मजले उठतील हेही धरून चाला.

दुसरी चूक, मेच्या बिलावरून साईझ ठरवणं. १ किलोवॅट वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिट देतो, महिन्याला १२० धरा. मे महिन्यात ७०० युनिट जळाले म्हणून माणूस ६ किलोवॅट मागतो, आणि हिवाळ्यात त्याच घरात २०० सुद्धा जळत नाहीत. "जास्तीचे युनिट जमा राहतील ना?" राहतात, पण नेट मीटरिंगचा, म्हणजे लाईनला दिलेल्या आणि घेतलेल्या युनिटच्या वजाबाकीचा, हिशेब ३१ मार्चला बंद होतो, म्हणजे थंडीत साठवलेले युनिट मेच्या एसीपर्यंत पोचतच नाहीत आणि उरलेल्यांचा जो दर मिळतो तो आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी. म्हणून बारा बिलं घ्या, युनिटची बेरीज करा, बाराने भागा, मग १२० ने भागा. अशा बऱ्याच घरांचं उत्तर ३ किलोवॅटच्या आसपास येते. केंद्राच्या सूर्यघर योजनेची सबसिडीही ३ किलोवॅटला ७८ हजारांवर थांबते, ५ टाकले तरी तेवढीच. आणि ज्यांचं बिल कूलर लावूनही १०० युनिटच्या आत आहे त्यांनी घाई करू नये, तो दराचा टप्पा आधीच स्वस्त आहे.

"नागपूरचं ऊन म्हणजे वीजच वीज" हा पण एक गैरसमज. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नाही. त्याची रेटिंग सेलचं तापमान २५ अंश धरून असते, त्यावर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के पॉवर कमी होते. मे महिन्यात दुपारी पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं की १२ ते १६ टक्के गेलेच. म्हणून टिनाला चिकटवून बसवू नका, खालून हवा खेळू द्या.

इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात? तापला की तो स्वतःच आउटपुट कमी करतो. जिन्यात लावा.

भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, सकाळी धुवा, आणि बोअरचं जड पाणी असेल तर पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग बसतात.

लाईट गेली तरी पंखा चालेल असं समजून घेणारे तर दरवर्षी भेटतात. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेली बिनबॅटरीची सिस्टीम, लाईट गेल्याबरोबर बंद होते, तसं नसतं तर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसला असता. बॅकअप पाहिजे तर बॅटरीवाली हायब्रिड घ्या, तिचा खर्च वेगळा धरा, आणि हे कोटेशनवर सही करायच्या आधी विचारा, मागून मला फोन करू नका.