लॅबचा पीसी जोडताना या चुका टाळा

उन्हाळी इंटर्नशिप सुरू झाली की लॅबमध्ये पार्ट्सचे खोके येऊन पडतात, आणि दुपारपर्यंत कोणीतरी हाक मारतंच, "ताई, फॅन फिरतायत, पण डिस्प्ले येत नाही." नवा प्रोसेसर मुळातच खराब निघणं फार क्वचित, बहुतेक वेळा घाई नडते. घरी गेमिंग पीसी जोडलेली मुलं यात सगळ्यात पुढे. लॅबचं मशीन रात्रंदिवस पूर्ण लोडवर चालतं आणि त्यावर दुसऱ्या कोणाचा तरी थीसिस अडकलेला असतो, हे त्यांच्या गावीही नसतं.

एसएमपीएसच्या केबल्सची सरमिसळ

बाकीच्या चुकांनी वेळ जातो, हिने डेटा जातो. एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. तो मॉड्युलर असेल, म्हणजे केबल्स दोन्हीकडून सुट्या होणाऱ्या, तर केबलचं पार्ट्सकडचं टोक ठरलेलं असतं. साटाची, म्हणजे डिस्कची, पॉवर केबल कुठल्याही साटा डिस्कला बसणारच. एसएमपीएसकडच्या टोकाचं मात्र काही स्टँडर्ड नाही. कोणत्या पिनवर किती व्होल्ट, हे कंपनीगणिक बदलतं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. आणि पंचाईत अशी की चुकीची केबलसुद्धा बरेचदा व्यवस्थित बसते.

आमच्याकडे एका इंटर्नला जुन्या मशीनमध्ये मोठं ग्राफिक्स कार्ड घालायचं होतं, म्हणून ८५० वॅटचा नवा एसएमपीएस आला. आधीच्या कोणीतरी केबल्स छान बांधून ठेवलेल्या, त्यांचे झिप टाय कापायचा कंटाळा. पठ्ठ्याने मदरबोर्ड आणि कार्डच्या केबल्स नव्या घातल्या, हार्ड डिस्कची तेवढी जुनीच ठेवली. बटण दाबलं आणि जळका वास आला. ५ व्होल्टच्या वायरवर १२ व्होल्ट गेले होते. डिस्क दोन होत्या, रेड-१ मध्ये, म्हणजे एकीवर दुसरीची हुबेहूब प्रत, आणि त्यालाच सगळे बॅकअप समजून चालले होते. दोन्ही एकाच केबलवर, दोन्ही एकदम गेल्या. त्यांवर मायक्रोस्कोपच्या इमेजेस होत्या. मूळ नमुने कधीच टाकून दिलेले. त्या मुलाला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलायला हवं होतं, असं माझं अजूनही मत आहे.

जुना एसएमपीएस निघाला की मी त्याच्या सगळ्या केबल्स त्याच्याबरोबरच खोक्यात घालते आणि वर मार्करने मॉडेल लिहिते. ड्रॉवरमध्ये सुटी मॉड्युलर केबल सापडली तर सरळ कचऱ्यात. लोक नावं ठेवतात, ठेवोत.

काळी स्क्रीन बघून बटण दाबणं

डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे कोणत्या टायमिंगला सिग्नल नीट येतो ते चाचपून बघतो. एएम५ बोर्डवर (एएमडीच्या प्रोसेसरचं सॉकेट), त्यातून रॅम भरपूर असेल तर, यात काही मिनिटं सहज जातात. तोवर स्क्रीन काळी. इथे मुलांचा धीर सुटतो. बटण दाबून धरतात. ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. मग रॅमची अदलाबदल करतात, पुन्हा ट्रेनिंग. शेवटी प्रोसेसर उचलतात आणि परत ठेवताना सॉकेटची पिन वाकवतात. एएम५ असो वा इंटेलचं एलजीए १७००, पिना बोर्डवर असतात. मशीनला काहीच झालेलं नव्हतं, ते आता होतं.

बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. डीरॅमचा दिवा ट्रेनिंग चालू असतानाही लागतो, तो बघून रॅम परत पाठवू नका. मी चालू करून खोलीबाहेर जाते. पंधरा मिनिटांनीही काही नाही, तरच हात लावायचा, तोही एका वेळी एकाच गोष्टीला.

हे सगळं केसमध्ये घालण्याआधी, बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून करा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, बस्स. इंटेलच्या नावामागे एफ असेल तर ग्राफिक्स कार्डही लावावं लागेल. यात वेळ वाया जातो म्हणणारेच नंतर मला बोलवायला येतात.

बाकीच्या, पटापट

मॉनिटरची केबल कार्डला लावा, मदरबोर्डला नाही. कूलरखालची प्लास्टिकची फिल्म काढा. बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनची पॉवर विसरू नका. दोनच रॅम असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. मॅन्युअल उघडायला लाज वाटू देऊ नका.

दुसरं ग्राफिक्स कार्ड घालताना स्लॉटच्या लांबीवर जाऊ नका. दिसायला पूर्ण लांबीचा दुसरा स्लॉट बरेचदा चारच लेनचा, म्हणजे डेटाच्या चारच वाटांचा, असतो.

एक्सपो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग, चालू करायचा मोह मला लॅबमध्ये पटत नाही. ते ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. गेम क्रॅश झाला तर कळतं. सिम्युलेशनमध्ये एखादा बिट उलटला तर आकडा चुकीचा येतो आणि तोच पेपरात जातो. मशीन ताब्यात देण्याआधी रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा.

एनव्हीडिया-एसएमआय या कमांडमध्ये वर दिसणारं कुडा (ग्राफिक्स कार्डवर आकडेमोड करायची एनव्हीडियाची सोय) व्हर्जन म्हणजे ड्रायव्हरला झेपणारं सर्वांत वरचं. कुडाचं टूलकिट तेच बसवलंय असा त्याचा अर्थ नाही. हे न कळल्यामुळे धडधाकट ड्रायव्हर काढून टाकलेले मी पाहिले आहेत.

आणि वीज गेली-आली की मशीन आपोआप चालू होईल, असं बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, ठेवा. नाहीतर एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, लॉगिन करणारा घरी आणि बटण लॅबमध्ये. सेटिंग बदललं म्हणजे झालं, असं समजू नका. कीबोर्ड-मॉनिटर काढा, मशीन चालू ठेवून, पण कोणताही जॉब चालू नसताना, भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा चालू करा, आणि दुसऱ्या मशीनवरून लॉगिन होतंय का ते बघा.