आईच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवण्याआधी

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी वापरता येणारी मोफत संगणक प्रणाली. ती आधी बसवू नका, आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. मिंटची आयएसओ फाइल (अख्खी प्रणाली एकाच फाइलमध्ये) उतरवून घ्या आणि बलेना एचर या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा तो रिकामा असू द्या. लॅपटॉप सुरू होतानाच बूट मेनूची, म्हणजे यंत्र कशावरून सुरू करायचं ते निवडण्याच्या यादीची कळ दाबा (बहुतेक एफ१२ किंवा एस्केप) आणि पेनड्राइव्ह निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनच सुरू होतं, हार्ड डिस्कला धक्काही लागत नाही.

आता घाई नको. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर सापडतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, हे एकेक तपासा. मी झाकणाचं तपासलं नव्हतं; आईचा पडदा काळाच राहिला आणि तिला वाटलं, आपल्या हातून काहीतरी बिघडलं. ते मला फार लागलं.

बसवायचं ठरलं, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा. बसवून झाल्यावर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (मराठी टाइप करायची कळरचना) जोडा आणि टाइमशिफ्ट चालू करा. एखादं अपडेट बिघडलं तर त्यातून प्रणाली मागे नेता येते. फाइलींचा बॅकअप मात्र वेगळाच घ्यावा लागतो.

आणि अक्षरं मोठी करा. आईने सगळ्यात आधी तेच मागितलं.