शिमग्यापासून वळिवापर्यंतची घरबाग

बागकामाच्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांत वसंत हा लागवडीचा आणि मोठ्या छाटणीचा हंगाम मानलेला असतो, कारण ती पुस्तके थंड प्रदेशांसाठी लिहिलेली असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी या पट्ट्यात फाल्गुन सरताच पारा ३५ अंशांच्या वर जाऊ लागतो आणि नवीन रोपाला हवी असलेली खात्रीची ओल मृगाचा पाऊस सुरू झाल्यावरच मिळते. त्यामुळे आपल्याकडे या दिवसांत नवे काही लावण्यापेक्षा असलेली झाडे उन्हाळ्यातून सुखरूप पार पाडण्याची तयारी करावी, आणि त्यातील जड कामे शिमगा ते पाडवा या पंधरवड्यातच उरकावीत.

सुरुवात मातीपासून करावी. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडील तांबडी, जांभ्याची माती पाणी लवकर सोडते. चिकोडी-अथणीकडील काळी माती पाणी धरून ठेवते, परंतु सुकली की भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओलही उडून जाते. तांबडी माती असलेल्या घरामागच्या परड्यात झाडाभोवतीच्या आळ्यामध्ये चांगले कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे आणि पाणी बेताचे, पण कमी अंतराने द्यावे. काळ्या मातीत आळ्याचा वरचा दोन-तीन इंचांचा थर खुरप्याने भुसभुशीत करून भेगा बुजवाव्यात. मात्र माती ओली आणि चिकट असताना खुरपू नये, कारण मग तिची ढेकळे होतात. काळ्या, चुनखडीच्या मातीत जास्वंदीची किंवा गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता समजावी. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट ताजे विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारल्यास फरक पडतो. युरिया दिल्याने हा पिवळेपणा जात नाही.

मातीनंतरचे, आणि माझ्या मते या ऋतूतील सर्वांत महत्त्वाचे काम आच्छादनाचे आहे. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना पाचट सहज मिळते, खानापूरकडे भाताचे पिंजर असते, आणि शहरात फणस, आंबा, सागवान यांची गळलेली पाने असतात, जी दुर्दैवाने अंगण स्वच्छ करण्याच्या नावाखाली होळीत जातात. यांपैकी जे हाताशी असेल त्याचा दोन ते तीन इंच जाडीचा थर आळ्यात पसरावा आणि खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, अन्यथा खोड कुजते. तांबड्या मातीत वाळवीचा उपद्रव असल्यामुळे आच्छादन अधूनमधून उचलून पाहावे. साखर कारखान्याकडील प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, उत्तम खत आहे. परंतु ताजे असताना ते कुजताना तापते आणि मुळे भाजते, म्हणून पूर्ण कुजलेलेच वापरावे.

उन्हाळ्यात नळाचे पाणी रोज येईलच असे नाही. अशा वेळी कच्च्या, न रंगवलेल्या मातीच्या मडक्याला गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवले की त्यातून पाणी झिरपत राहते आणि भोवतालची दोन-तीन झाडे तगतात. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी झाडांना चालते, साबणाच्या भुकटीचे चालत नाही. कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. तो खरवडून महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून पाणी वाहून जाईल इतके गोडे पाणी द्यावे.

फुलझाडांबाबत हात आवरता घ्यावा. गुलाबाची मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात होते, आता केवळ सुकलेली फुले आणि वाळक्या काड्या काढाव्यात. मोगऱ्याची छाटणी थंडीत राहून गेली असेल तर आता ती करू नये, कारण कळ्या धरण्याची वेळ झालेली असते. त्याऐवजी मूठभर शेणखत आणि नियमित पाणी द्यावे. बहर संपलेल्या शेवंतीच्या काड्या जमिनीलगत कापून बुडाशी आलेले फुटवे सोडवावेत आणि सावलीत ठेवावेत. तुळशीच्या मंजिऱ्या बी धरण्यापूर्वी खुडल्या तर झाड अधिक दिवस हिरवे राहते.

जास्वंदीवर या दिवसांत पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड, हमखास येतो. प्रथम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा आणि नंतर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणपाणी मिसळून ऊन उतरल्यावर फवारावे. निपाणीकडे तंबाखूचा काढा फवारण्याची जुनी पद्धत आहे, परंतु ती घरबागेत टाळलेली बरी. निकोटिन माणसालाही विषारी आहे, शिवाय वाळलेल्या तंबाखूत टिकून राहणारा मोझॅक विषाणू टोमॅटो आणि मिरचीला लागू शकतो. याच कारणासाठी तंबाखू मळलेले हात धुतल्याशिवाय या रोपांना लावू नयेत.

हिरवळ असलेली घरे बेळगाव शहरात टिळकवाडी किंवा कॅम्पकडे थोडीफार आढळतात. हरळीची हिरवळ उन्हाळ्यात बुडापासून कापू नये, दीड-दोन इंच उंच ठेवावी, म्हणजे मुळांवर सावली राहते. लव्हाळा वरून उपटून जात नाही, जमिनीतील गाठीसकट खणून काढावा लागतो. एक चौरस मीटरला १० ग्रॅमपेक्षा अधिक युरिया देऊ नये आणि दिल्यावर लगेच पाणी द्यावे. पाणीटंचाई असेल तर हिरवळ खुशाल पिवळी पडू द्यावी. हरळी जमिनीखालच्या काड्यांतून पावसात पुन्हा फुटते, फळझाडाला मात्र तशी सोय नसते.

घरातील कुंड्या बदलायच्या असल्यास हे काम पाडव्यापूर्वीच करावे. आदल्या दिवशी पाणी घालून रोप मातीसकट काढावे, गोल फिरलेली मुळे हलकेच मोकळी करावीत आणि पूर्वीपेक्षा फार तर दोन इंच मोठी कुंडी घ्यावी. दोन भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग वाळू हे मिश्रण मनी प्लांट, अरेका पाम यांना पुरते. स्नेक प्लांटसाठी वाळू वाढवावी. पश्चिमेच्या खिडकीतील कुंड्या आत सरकवाव्यात. कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड वाढते, त्यासाठी पाने दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसावीत.

भाजीपाल्यात मात्र भेंडी, गवार, दोडका आणि कारले आता पेरता येतात. कोथिंबीर उन्हात लवकर फुलावर येते, म्हणून ती अर्ध्या सावलीत थोडी थोडी पेरावी.

वळीव साधारण एप्रिल-मे महिन्यांत वारा आणि कधी गारांसह येतो. त्यापूर्वी उंच फांद्यांना आधार द्यावा, गच्चीवरील हलक्या कुंड्या भिंतीलगत ठेवाव्यात आणि कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवाव्यात, कारण साठलेल्या पाण्यात डास होतात. वळिवाने माती भिजली की आले आणि हळद लावावी. आंब्या-चिकूची कलमे मात्र एखाद्या जोरदार वळिवाला भुलून लावू नयेत. खड्डा खणून तापू द्यावा आणि जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर कलम बसवावे.