एडिनबऱ्यात जहाज थांबतंय? एका दिवसाच्या आखणीत या चुका टाळा

उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे दोन वाटांनी येतात, विमानानं आणि समुद्रातून. क्रूझवरून येणाऱ्यांना घ्यायला मी साउथ क्वीन्सफेरीच्या हॉज धक्क्यावर जाते. डोक्यावर १८९० सालचा तो तांबडा फोर्थ रेल्वेपूल, समोर खाडीत नांगर टाकून उभं असलेलं जहाज, आणि मधल्या पाण्यात माणसं ने-आण करणाऱ्या टेंडर बोटी. दोन वर्षांपूर्वी आत्या आणि काका तिथे उतरले तेव्हा काकांच्या हातात चार घड्या घातलेला कागद होता. त्यावर अकरा ठिकाणं लिहिलेली. किल्ला, राजवाडा, म्युझियम, आर्थर्स सीट, ब्रिटानिया नौका, आणि सगळ्यात खाली ‘लॉक नेस, जमल्यास’.

जहाजाच्या पत्रकात ‘एडिनबरा, सकाळी ८ ते संध्याकाळी ६’ असं छापलं होतं. काकांनी दहा तास धरले. प्रत्यक्षात शहरात हाती लागले पाच. त्यातही किल्ल्याच्या दारातून परत फिरावं लागलं, कारण त्या दिवसाची तिकिटं संपली होती. आत्या त्या उतारावर पाठमोरी उभी राहून किल्ल्याकडे बघत होती, ते मला अजून आठवतं. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी फोनवरच सगळं सांगून ठेवते. तेच इथे लिहिते आहे.

‘एडिनबरा’ म्हणजे कुठला धक्का, हे न बघणं

पत्रकात एडिनबरा असतं, पण जहाज चारपैकी कुठल्याही ठिकाणी थांबू शकतं. लीथ बंदरात शिरायला लॉक, म्हणजे पाण्याची पातळी सांभाळणारे दरवाजे, ओलांडावे लागतात, त्यामुळे तिथे बेताच्या आकाराचीच जहाजं येतात. इथे उतरलात तर नशीब, ट्राम जवळ आहे. न्यूहेवनला टेंडरनं उतरवतात. २०२३ पासून ट्राम तिथपर्यंत धावते, थोडं चाललं की स्टॉप. रोसाइथ तर खाडीच्या पलीकडे, फाइफमध्ये आहे. तिथल्या गोदीतून पायी बाहेर पडता येत नाही, शटल बसच घ्यावी लागते. आणि मोठी जहाजं बहुतेक वेळा साउथ क्वीन्सफेरीसमोर नांगर टाकतात. तिथून शहर पंधरा-सोळा किलोमीटरवर.

बुकिंगच्या कागदावर ‘टेंडर’ हा शब्द आहे का, ते आजच बघा. एवढ्या एका शब्दानं दिवसाचं सगळं गणित बदलतं. त्याच कागदावर ‘ग्लासगो’ असेल तर ते ग्रीनॉक बंदर, आणि ‘इन्व्हरगॉर्डन’ असेल तर लॉक नेस हे सरोवर त्या दिवशी बघायचं. एडिनबऱ्याहून लॉक नेसला जायलाच तीन-साडेतीन तास लागतात आणि यायला तेवढेच. काकांच्या कागदावरची ती ओळ मी धक्क्यावरच खोडली.

वेळ पुढून मोजणं

टेंडर असलेल्या दिवसाची वेळ शेवटाकडून मोजायची. जहाज सहाला सुटणार असेल तर शेवटची टेंडर बहुधा साडेपाचची असते. तिच्यासाठी धक्क्यावर लांब रांग लागते, वाऱ्यात उभं राहून, म्हणून पावणेपाचला तिथे पोचलेलं बरं. म्हणजे शहरातल्या मुख्य वेव्हर्ली स्टेशनातून चारच्या आसपास निघायला हवं, आणि हातातलं काम पावणेचारला आटपायला हवं.

आता सकाळ. जहाजाच्या सहलींची तिकिटं काढलेल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना नंतर. नऊ-साडेनऊला टेंडर मिळाली, खाली पाय टेकले, की पुलाजवळच्या पायऱ्या चढून डॅल्मेनी स्टेशन गाठायचं. तिथून गाडीनं वेव्हर्ली वीसेक मिनिटं. वाट बघण्याचा वेळ धरून पावणेअकरा वाजतात. पायऱ्या चांगल्याच दमवणाऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर त्या नादाला न लागता बस किंवा टॅक्सी घ्या. रविवारी गाड्या कमी असतात, तेही आदल्या दिवशी बघून ठेवा.

पावणेअकरा ते पावणेचार. एवढाच तुमचा एडिनबऱ्यातला दिवस, जेवणासकट.

फोनच्या घड्याळावर विसंबणं

जहाज नॉर्वेहून किंवा हॅम्बुर्गहून येत असेल तर जहाजावरची वेळ ब्रिटनच्या वेळेपेक्षा तासभर पुढे असू शकते. तुमचा फोन किनाऱ्याचा सिग्नल पकडतो आणि आपोआप मागे होतो. टेंडरची वेळ मात्र जहाजाच्या घड्याळाची! उतरण्यापूर्वी रिसेप्शनवर विचारा, आणि मनगटावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

या शहराला जहाजांच्या वेळेची काळजी फार जुनी आहे. कॅल्टन टेकडीवरच्या नेल्सन स्मारकावर १८५२ मध्ये एक मोठा गोळा बसवला. तो रोज दुपारी एकला खाली पडायचा आणि लीथच्या बंदरातले खलाशी त्यावरून आपली घड्याळं लावायचे. पण धुकं आलं की गोळा दिसायचा नाही. म्हणून १८६१ पासून किल्ल्यावरून एकची तोफ सुरू झाली. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून ती आजही रोज उडते. स्टेशनच्या डोक्यावरच्या बॅल्मोरल हॉटेलचं मोठं घड्याळ तर मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. ते बघून घाबरू नका.

किल्ल्याचं तिकीट तिथे जाऊन काढू म्हणणं

प्रवेश ठरावीक वेळेच्या तिकिटावर असतो आणि उन्हाळ्यात तिकिटं आधीच संपतात. ऑगस्टमध्ये तर शहरात कलांचा फेस्टिव्हल, त्याच्याच जोडीचा नाटकं-करमणुकीचा फ्रिंज आणि किल्ल्यासमोरच्या पटांगणावर टॅटू म्हणजे लष्करी बँडचा सोहळा, सगळं एकदम. त्या महिन्यात चालण्याचा वेगही निम्मा धरा.

माझा सल्ला साडेअकराच्या वेळेचा. दहाची वेळ घेतली आणि टेंडर रखडली तर पैसे गेले. साडेअकराला आत शिरा आणि आधी थेट वर जाऊन स्कॉटलंडची राजचिन्हं बघा, कारण दुपारकडे तिथली रांग वाढते. मग सेंट मार्गारेटचं चॅपल. बाराव्या शतकातली ही इवलीशी वास्तू शहरातली सगळ्यात जुनी. आत पाच-सहा माणसं शिरली की गर्दी वाटते. शेजारीच मॉन्स मेग ही अवाढव्य तोफ. आणि बरोबर एकला खालच्या तटावर तोफ ऐकून बाहेर पडा. जुन्या लेखांमध्ये ‘स्टोन ऑफ डेस्टिनी’ हा राज्याभिषेकाचा दगड किल्ल्यात असल्याचं वाचाल. तो २०२४ मध्ये पर्थच्या म्युझियममध्ये गेला. त्याच्याचसाठी येणारे लोक हिरमुसतात, म्हणून सांगितलं.

बाहेर पटांगणावरून शहराकडे तोंड केलंत की डाव्या हाताला पांढऱ्या-तांबड्या इमारतींचा एक देखणा पुंजका दिसेल. तो रॅमझी गार्डन. तिथे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस राहायचे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग उघडला तेव्हा पहिले प्राध्यापक हेच, आणि पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झालेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात त्यांचाच हात होता. रॉयल माइलवरच्या पडक्या चाळवजा घरांची डागडुजी करून माणसं तिथेच राहती ठेवायची, हा त्यांचा ध्यास होता. मुंबईहून आलेल्या कुणालाही मी तिथे दोन मिनिटं थांबवतेच.

तिकीट मिळालंच नाही तर दिवस वाया गेला असं मुळीच समजू नका. चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय फुकट आहे. तिथे लुईस बेटावर सापडलेले, वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेले बुद्धिबळाचे काही मोहरे आहेत, क्लोन केलेली डॉली मेंढी आहे, आणि गच्चीवरून किल्ला समोरासमोर दिसतो. आत्याला शेवटी मी तिथेच नेलं. ते एक मोहरं आहे, दातांनी ढाल चावणारं, त्याच्यासमोरून ती हलायलाच तयार नव्हती.

चढावरून चालणं आणि नकाशा सपाट समजणं

रॉयल माइल किल्ल्यापासून हॉलीरूड राजवाड्यापर्यंत सतत उतरत जातो. सुरुवात वरून करायची, एवढं साधं आहे, तरी निम्मे लोक राजवाड्यापासून चढायला लागतात आणि वाटेतल्या सेंट जाइल्स चर्चपाशी दमून बसतात.

दुसरी गंमत फोनवरच्या नकाशाची. जुनं शहर दोन मजली आहे. नकाशावर जॉर्ज द फोर्थ ब्रिज आणि काउगेट एकमेकांना छेदताना दिसतात, पण एक रस्ता वर आहे आणि दुसरा पार खाली. साउथ ब्रिज तर पूल आहे हे चालताना कळतही नाही. १७८८ च्या त्या पुलाला एकोणीस कमानी आहेत, त्यातली एकच उघडी दिसते, बाकीच्या इमारतींमागे दडल्या आहेत. फोन म्हणतो ‘इथून उजवीकडे वळा’, आणि उजवीकडे कठडा असतो. अशा वेळी जवळचा क्लोज शोधा, म्हणजे घरांच्या मधून खाली उतरणारा अरुंद बोळ. आमच्या वाड्यांमधल्या बोळांची आठवण यावी असाच. ॲडव्होकेट्स क्लोजच्या तोंडाशी उभं राहून खाली बघा. दोन काळपट भिंतींच्या फटीत लेखक वॉल्टर स्कॉटच्या स्मारकाचं टोक उभं दिसतं. फोटो सगळे काढतात, तुम्ही पायऱ्या उतरूनही बघा.

अख्खा माइल संपवायचा हट्ट नको. सेंट जाइल्सच्या आत वीस मिनिटं द्या, कोपऱ्यातल्या थिसल चॅपलचं लाकूडकाम बघा, आणि ‘वर्ल्ड्स एंड’ नावाच्या पबपर्यंत उतरा. जुन्या शहराची वेस तिथेच होती, रस्त्यात बसवलेल्या पितळी खुणा अजून आहेत. तिथून जेफ्री स्ट्रीटनं वळलात की चढ न चढता स्टेशन येतं. हॉलीरूड राजवाडा आत जाऊन बघायचाच असेल तर मग किल्ला सोडा. पाच तासांत दोन्ही नीट होत नाहीत. जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला राजघराणं मुक्कामाला येतं तेव्हा राजवाडा बंद असतो, ती तारीख तपासा.

आर्थर्स सीट २५१ मीटर उंच आहे आणि वर दगड निसरडे असतात. टेकडी चढायचीच असेल तर कॅल्टन हिल. स्टेशनपासून पंधरा मिनिटांत माथ्यावर.

व्हिसा गृहीत धरणं

भारतीय पासपोर्टवर एका दिवसासाठी उतरायचं असलं तरी ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतो. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. आणि जहाज ॲमस्टरडॅमहून निघून परत तिथेच जाणार असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा, कारण स्कॉटलंडला आलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता. सिंगल एंट्री असेल तर निघतानाच जहाजावर घेत नाहीत. वाटेत डब्लिन असेल तर आयर्लंडचं वेगळं बघा.

थोडं खाण्यापिण्याचं आणि कपड्यांचं

शाकाहारी मंडळींनी उपाशी राहायचं कारण नाही. हॅगिस हा इथला प्रसिद्ध मांसाहारी पदार्थ, पण व्हेजिटेरियन हॅगिसही पुष्कळ ठिकाणी मिळतं, सलगम आणि बटाट्याच्या लगद्याबरोबर गरमागरम, आणि ते खरंच चविष्ट असतं. पण मसुराचं सूप बघून निर्धास्त होऊ नका. इथे ते बरेचदा डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात. काही दुकानांत चिप्स गाईच्या चरबीत तळतात. ऑर्डर देण्याआधी विचारा, कुणी वाईट मानत नाही.

छत्री आणू नका, वाऱ्यात उलटी होते. टोपीचं जाकीट आणा. ऊन असतानाही समुद्राकडून ‘हार’ नावाचं धुकं येतं आणि अर्ध्या तासात किल्ला दिसेनासा होतो. रस्ते दगडी फरशांचे, पावसात गुळगुळीत, तेव्हा बूट पकड असलेलेच हवेत. पैशांसाठी कार्ड पुरतं. बसमध्ये रोख दिलेत तर सुटे परत मिळत नाहीत, ट्रामचं तिकीट चढण्याआधी स्टॉपवरच्या यंत्रातून काढायचं. हातात स्कॉटिश बँकांच्या नोटा आल्या तर इथेच खर्च करा, भारतात त्या बदलून घेताना त्रास होतो.

बेत फिसकटला तर

टेंडर दोन तास उशिरा सुरू झाली: किल्ला सोडून द्या, फक्त रॉयल माइल आणि म्युझियम करा. तिकीट परत करता येणारं असेल तर आधीच फोनवरून बदला. वारा वाढला तर जहाज थांबतच नाही, असंही होतं, म्हणून परतावा न मिळणारी महागडी बुकिंग टाळा.

परतीची गाडी रद्द झाली: फलकाकडे बघत उभे राहू नका, सरळ टॅक्सी करा. पण संध्याकाळी चारनंतर क्वीन्सफेरीच्या रस्त्यावर गर्दी असते, तासभर धरून निघा. जहाज आपल्या सहलीच्या बससाठी थांबतं, स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्ट कुणाकडे आहे, तुमच्याकडे की जहाजाकडे, हेही उतरताना माहीत हवं.

आणि चारच्या गाडीनं वेळेत पोचलात, रांग लहान निघाली, तर क्वीन्सफेरीच्या हाय स्ट्रीटवर चहा घ्या. मागच्या उन्हाळ्यात आत्या-काका पुन्हा आले, या वेळी किल्ल्याचं तिकीट दोन महिने आधी काढून. परतताना आम्ही धक्क्यावरच्या बाकावर बसलो होतो. डोक्यावरून फाइफची गाडी धडधडत गेली, आणि आत्या तिचे डबे मोजत होती.